आठवी फेरी

हसाजीकाकांची सही पावतीवर न येता माझ्या अंगठ्यावर आली, तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हटलं आणि अंगठा हळूच पदराला पुसला. अर्धा 'ह' नखावर होता, बाकीचं नाव मनगटाच्या दिशेने निघालं होतं.

"तुमच्या सरकारची शाई फार पातळ," काका म्हणाले. "कागदावर टेकल्यासारखं वाटतच नाही."

"वर कळवते," मी म्हटलं.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि आंबेखारची पोस्टमास्तरीण होते. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली, एक टेबल, एक शिक्का आणि बाहेर लाल पेटी. अकराला टपालाची पिशवी यायची, तीनला जायची. मधल्या चार तासांत माशा मारायच्या नाहीतर काहीतरी शिकायचं. मी वडिलांच्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकावरून हिब्रू शिकले. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठी. बोटाने इकडून तिकडे उड्या मारत. शिकवायला कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तर कुणी शिकवलंही नसतं, म्हणून विचारलं नाही.

हसाजीकाका अष्टमकर आमच्या सिनेगॉगचे हझान. प्रार्थना चालवायची आणि सेफेर वाचायचा, हे त्यांचं काम. सेफेर म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली शास्त्राची गुंडाळी. दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली, माणसाला उचलताना कमरेत लचक भरेल एवढी. आमच्याकडे एकच होता. काकांचा चष्मा तीन वर्षं अलिबागला दुरुस्तीला होता. त्या दुकानदाराने तेवढ्या काळात दुर्बीण बनवली असती, पण मी कधी मनावर घेतलं नव्हतं. पत्रं मीच वाचून दाखवायची. मला वाटायचं, म्हातारा आळशी आहे.

त्या दिवशीचं रजिस्टर पत्र शहरातल्या ट्रस्टचं होतं. मी मोठ्याने वाचलं:

"आपल्या गावी आता इस्रायली समाजाची चारच घरे उरली आहेत. सेफेर योग्य रीतीने... वाचणारा कोणी असल्यास तो तेथेच राहावा. नसल्यास शहरात आणावा, असे ठरले आहे. सिमहाथ तोराच्या दिवशी आमचे प्रतिनिधी श्री. एलियाझर तळकर येतील."

'योग्य रीतीने' आणि 'वाचणारा' यांच्यामध्ये एक शब्द होता. 'पाहून.' सेफेर कितीही तोंडपाठ असला तरी डोळ्यांनी पाहूनच वाचायचा, हा नियमच आहे. तो शब्द मी गिळला.

काका आपल्या ओटीवरच्या खांबाला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "वाचणारा आहे. कळव त्यांना."

"कळवते."

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मग मी माझी नेहमीची खोड केली. वातावरण जड झालं की मी बडबडते. आणि तेव्हा माझ्या पोटात एक गोष्ट महिनाभर उड्या मारत होती.

"काका, एक गंमत सांगू? शास्त्रातली भाषा बदलत जाते."

"काय जाते?"

"बदलत. दावीद राजा पत्र पाठवतो ना, तिथे पत्राला सेफेरच म्हटलंय. नुसतं सेफेर. पुढे इराणच्या बादशहाचं राज्य येतं, घोड्यांवरून टपाल धावायला लागतं, तर त्या काळच्या भागात एकदम इग्गेरेत! नवा शब्द, काका! टपालखातं सुधारलं आणि शब्दही आला. आणि हुकमाला दात म्हणतात, तो तर सरळ इराणी. बागेला परदेस, तोही तिकडचाच. आपल्या कोर्टाच्या कागदात कसं असतं, हुकूम, नक्कल, अर्ज. अगदी तस्सं!"

काकांच्या भुवया वर जात होत्या. मला थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

"आणि समुद्राचं गाणं. समुद्र दुभंगल्यावर पलीकडे जाऊन गातात ते. त्यातली बोली बाकीच्याहून किती जुनी! आमची पणजी जात्यावर गायची ना, तसे शब्द. कळतात, पण बोलत कुणी नाही. आणि मागाहून लिहिलेला भाग वाचावा तर वाटतं, तालुक्याच्या कारकुनाने लिहिलाय."

"मिल्का," काका म्हणाले. "देव काय बदलीवर गेला होता इराणला?"

"देव नाही काका, लिहिणारे गेले होते. त्यांना धरूनच नेलं होतं ना बाबेलला, पुढे तिथे इराण्यांचंच राज्य आलं. परत आले ते तिकडची बोली घेऊन. आपली मुंबईला राहून आलेली पोरं नाही का..."

"पुरे!" काकांनी खांबावर हात आपटला. "अक्षर न् अक्षर पहिल्या दिवसापासून जिथल्या तिथे आहे. मी पन्नास वर्षं वाचतोय. तू चार महिने बोट फिरवून मला सांगतेस, ते हललं म्हणून?"

"हललं नाही, वाढलं. झाड नाही का..."

"उद्यापासून टपाल पेटीत टाकायचं. वाचायला यायचं नाही."

"मग वाचणार कोण?"

"माझा चष्मा येतोय अलिबागहून," काका म्हणाले आणि आत गेले. जाताना त्यांचा हात उंबऱ्यावर, मग कोनाड्यावर, मग खुर्चीच्या पाठीवर असा न चुकता पडत गेला. मी पहिल्यांदाच ते नीट बघितलं.

पंधरा दिवस आमचं बोलणं बंद. घरी सासूबाईंनी, लेयाबाईंनी, चौकशी केली.

"हझानांना काय बोललीस?"

"हिब्रू भाषा बदलत गेली असं म्हटलं."

"तुला ग काय त्याचं? तुझं आमटीत मीठ कमी पडलंय ते बदल."

माझे यजमान बेनायाहू आंबे-नारळाच्या बागा बघायचे. माणूस सोन्यासारखा, पण अक्षराशी त्यांचं वाकडं. प्रार्थना कानाने शिकलेले. ते म्हणाले, "जाऊ दे ग. काकांचा राग किसमिसाच्या शरबतापर्यंत टिकतो. सणाला पहिला पेला पोटात गेला की उतरेल."

मी त्यांना अंगठ्याबद्दल काही सांगितलं नाही. कुणालाच नाही.

*

सिमहाथ तोरा म्हणजे वर्षभर वाचत आणलेला सेफेर संपवून त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा सण. आमच्यात यासारखा खुळा दिवस दुसरा नाही. सिनेगॉगच्या तुळयांना केळीचे घड, पेरू, सफरचंदं टांगलेली. वर बायकांच्या सज्जात बत्तासे आणि खारका पदरात घेऊन आम्ही तयार. खाली पुरुष नाचायला लागले की त्यांच्या डोक्यांवर टाकायच्या. काही बायकांचा नेम वर्षभराच्या हिशेबाने लागायचा. सासूबाई आपल्या व्याह्यांसाठी कडक खारका वेगळ्या काढून ठेवत.

मोठ्या गावात दोन सेफेर असतात. एकात शेवट वाचला की दुसरा आरंभाला तयार. आमचा एकच, त्यामुळे शेवट वाचून झाला की तोच सगळा उलटा गुंडाळत पहिल्या ओळीशी आणायचा. दोन माणसं दोन दांडे फिरवत बसायची, हात भरून येईपर्यंत. आणि ते होईतो बाकीचे रिकामे कसे बसतील? म्हणून सेफेरचा मखमली झगा आणि दांड्यांवरचे चांदीचे घुंगूर घेऊन मधल्या कठडेवाल्या चौथऱ्याभोवती, तेव्याभोवती, गात नाचत सात फेऱ्या. आमच्या गावची ती रीत. फेऱ्या संपायला आणि गुंडाळून व्हायला एकच गाठ पडायची.

तळकरसाहेब सकाळच्या एसटीने आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पंधरा वर्षं इस्रायलमध्ये काढून परतलेले. दारातच सगळ्यांना सणाच्या शुभेच्छा दिल्या, "खाग सामेयाख! सिमखात तोरा सामेयाख!" तो 'ख' ते अगदी तळातून काढत.

"घशात काही अडकलंय का याच्या?" सासूबाई सज्जातून म्हणाल्या. "पाणी द्या ग कुणीतरी."

"आई, तिकडे आता तसंच बोलतात."

"मग तिकडे डॉक्टर नाहीत का?"

दहा पुरुष लागतात प्रार्थनेला. आमचे आठ आणि रेवदंड्याहून आलेले दोन. तळकर अकरावे. काकांनी शेवटचा भाग वाचला. चांदीचा हात, म्हणजे ओळीवरून फिरवायची लहानशी काठी, तिच्या टोकाला चांदीचं बोट, तो त्यांच्या मुठीत होता. आवाज असा खणखणीत की तुळईवरची केळी हलावीत. तळकर मागच्या बाकावर आपलं छापील पुस्तक घेऊन बसले होते. ओळ न् ओळ जुळत होती. ते मान डोलवत होते. माझे डोळे मात्र त्या चांदीच्या बोटावर. एवढ्या वरून अक्षर दिसत नाही, पण बोट जागच्या जागी घोटाळतंय ते मला दिसत होतं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. तेव्यावर सेफेर पसरलेला. उजवा दांडा त्या वर्षी पहिल्यांदाच बेनायाहूंकडे, डावा त्यांचा चुलतभाऊ शेलोमो यांच्याकडे. खाली सगळे गोल. आम्ही वरून बत्तासे मारतोय. रेवदंड्याच्या दोघांपैकी एक ढोलकी घेऊन आला होता. त्याने अशी काही लय धरली की दरवर्षी अर्धा तास चालणाऱ्या फेऱ्या वीस मिनिटांत धावायला लागल्या. चौथ्या फेरीत तळकरसाहेबांचा शर्ट विजारीतून बाहेर आला. पाचव्या फेरीत ते हात वर करून नाचत होते. सहाव्या फेरीत कुणीतरी दांडेवाल्यांना शरबताचे पेले दिले. सातवी संपली, ढोलकी थांबली, बेनायाहूंनी घाम पुसला आणि सेफेरकडे बघून समाधानाने मान हलवली.

मीही बघितलं. आणि माझ्या पदरातले बत्तासे सांडले.

सेफेरमध्ये सगळं लिखाण सरळ रकान्यांत असतं, भिंतीसारखं. फक्त काही गाणी निराळी मांडतात. समुद्राचं गाणं असं लिहितात की एक तुकडा शब्दांचा, एक तुकडा पांढरा, त्याखाली पांढऱ्यावर शब्द, शब्दांवर पांढरं. विटांचं बांधकाम दिसावं तसं. अक्षर न येणाऱ्यालाही लांबून ओळखू येईल. आणि तेव्यावर, माझ्या नाकासमोर, विटा होत्या.

बेनायाहूंनी नंतर मला सांगितलं, "एवढं सुंदर मांडलेलं, मोकळं मोकळं. मला वाटलं, आरंभ तो हाच असणार. आरंभाला माणूस सजवतोच ना."

खाली काकांनी अंगावरची शाल सारखी केली, चांदीचं बोट समुद्राच्या गाण्यावर टेकवलं, आणि जगाची उत्पत्ती वाचायला घसा साफ केला. मग मानकऱ्याला हाक दिली. आरंभ वाचताना ज्याला तेव्यावर बोलावतात त्याला आम्ही आरंभाचा नवरदेव म्हणतो. त्याने वाचणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं, शालीचं टोक त्या ओळीला लावून चुंबायचं, आणि सेफेरमध्ये बघत राहायचं.

"आजचा मान," काका म्हणाले, "पाहुणे एलियाझर तळकर यांचा!"

तळकरसाहेब शर्ट खोचत उठले.

मागच्या बाकापासून तेव्यापर्यंत बारा पावलं आणि तीन पायऱ्या. सहा पावलं झाली. मला काही सुचत नव्हतं. ओरडून "काका, चुकीचं उघडलंय" म्हणावं, तर ज्याला दिसतं त्याला कुणीतरी वरून सांगावं का लागतं? दहा पावलं. माझ्या अंगठ्यावरची त्या शाईची जागा खाजायला लागली.

"सहाच झाल्या!" मी कठड्यावर वाकून ओरडले.

सगळं सिनेगॉग वर बघायला लागलं. बायकांनी सज्जातून गाणं म्हणावं, बत्तासे मारावेत, पण मधेच बोलावं असं आजवर झालं नव्हतं.

"काय सहा?" शेलोमो म्हणाला.

"फेऱ्या! सहाच झाल्या! सातवी राहिली!"

"सात झाल्या," तळकरसाहेब पहिल्या पायरीवरून म्हणाले. "मी स्वतः नाचलोय."

"नाचणाऱ्याला काय कळतंय?" सासूबाईंचा आवाज आला. त्यांना यातलं काडीचं ठाऊक नव्हतं, पण बाहेरच्याने सुनेला खोटं पाडलं होतं. "माझी सून रोज शंभर शिक्के मारते. तिचा आकडा चुकत नाही."

"आई, सातच झाल्या ग," बेनायाहू खालून म्हणाले.

"तू शरबत पीत होतास!"

मग काय, एकच कल्ला. ढोलकीवाला म्हणाला साडेसहा. रेवदंड्याचा दुसरा म्हणाला, आमच्याकडे पाच घालतात आणि तरी पाऊस पडतो. वरून चार बायका "सहा! सहा!" करत खारका फेकायला लागल्या. तळकरसाहेबांनी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला.

"काका," मी म्हटलं. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा. "तुमच्या उजव्या हाताला विचारा ना."

काका स्तब्ध उभे होते. मग त्यांचा उजवा हात हळूच सरकत दांड्यावर गेला. आरंभाशी उजवा दांडा रिकामा हवा, नुसतं लाकूड. तिथे मनगटाएवढी जाड गुंडाळी होती. त्यांनी ती तोलली. मी वरून त्यांचं तोंड बघत होते. रागावलेला माणूस आधी कानापाशी हसायला लागतो, हे मी तेव्हा शिकले.

"शांत!" काका गरजले. "मोजणीत वाद आहे. सणाच्या दिवशी वाद असेल तर देवाला एक जास्त द्यावी, कमी नको. सेफेर झाका. आणखी एक फेरी! आणि ही सगळ्यांनी घालायची. वरच्यांनीही."

"वरच्यांनी म्हणजे?" शेलोमोने विचारलं.

"वर देवदूत बसलेत का? बायका! या ग खाली!"

असा जिना मी जन्मात उतरले नाही. सासूबाई माझ्यापुढे होत्या, आणि गुडघे दुखतात म्हणून गेली सहा वर्षं त्यांना कुणीतरी चालवून आणायचं. ढोलकी सुरू झाली. बायका-पुरुष, लहान-मोठे, तेव्याभोवती एकच गोल. तळकरसाहेब तिसऱ्या पायरीऐवजी मागे ओढले गेले. सासूबाईंनी त्यांचा हात धरला होता आणि त्या धरलेलं सोडत नसत. मी गोलातून जाता जाता बेनायाहूंच्या कानाशी म्हणाले, "अहो, फिरवा. उजवा दांडा नुसतं लाकूड होईतो."

"म्हणजे हा आरंभ नव्हे?"

"हा समुद्र आहे!"

"अरे देवा," ते म्हणाले आणि फिरवायला लागले. फेरी संपली तरी लाकूड येईना. काकांनी ढोलकीवाल्याला हाताने खूण केली, चालू दे. ती एक फेरी आम्ही पंधरा मिनिटं घातली. तळकरसाहेबांच्या डोक्यावर बत्ताशाचा चुरा, एक वहाण गायब. ते रडेपर्यंत हसत होते. म्हणाले, तिकडे पंधरा वर्षांत असं नाचलो नाही.

शेवटी लाकूड आलं. आम्ही पुन्हा वर गेलो. तळकरसाहेब काकांच्या शेजारी उभे राहिले, शालीचं टोक लावलं, आणि काकांनी वाचायला सुरुवात केली. अंधार, पाणी, उजेड. आवाज थरथरला नाही. चांदीचं बोट मात्र एक ओळ मागे, मग दोन ओळी पुढे.

तळकरसाहेबांचं हसू गेलं. त्यांनी बोटाकडे बघितलं. काकांच्या डोळ्यांकडे बघितलं.

मग त्यांनी आपला हात काकांच्या मनगटाखाली घातला, म्हाताऱ्या माणसाला जिना उतरताना धरावं तसा, आणि बोट योग्य ओळीवर आणलं. शेवटच्या शब्दापर्यंत धरून ठेवलं. खालून कुणाला काही कळलं नाही. पाहुणा फार भाविक आहे, एवढंच सगळे म्हणाले.

*

दुपारी काकांच्या ओटीवर तळकरसाहेब, काका आणि मी. मी मलिदा घेऊन गेले होते. गोड पोहे, वर खोबरं. बेनायाहू पायरीवर बसले होते, केलेल्या घोटाळ्यामुळे जरा लांबच.

"वाचन सुंदर झालं," तळकरसाहेब म्हणाले. "पण काका, वाचन झालं नाही."

"नाही झालं," काका म्हणाले. "तीन वर्षं झालेलं नाही. त्या पत्रात 'पाहून' असा शब्द होता ना ग, मिल्का? तिथे तू श्वास घेतलास."

मी मलिद्याची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"मी काय करू ते सांगा," तळकरसाहेब खरोखरच हात जोडून म्हणाले. "परत जाऊन मला एकच उत्तर द्यायचंय. वाचणारा आहे की नाही. खोटं सांगणार नाही."

"ही आहे," काका म्हणाले. "तिला विचारा. हिचं म्हणणं, देवाची भाषा बदलत गेली. मी पंधरा दिवस रागावलो होतो."

"का?" तळकर म्हणाले. "खरंच आहे ते."

"खरं आहे म्हणूनच." काकांनी मलिद्याची ताटली चाचपली. "तळकर, माझ्या घरात खुर्ची गेल्या तीन वर्षांत बोटभरही हललेली नाही. हलली तर मी पडतो. मला वाटायचं, डोळे गेले तरी शब्द आपल्या जागी आहेत, त्यांना धरून धरून चालता येईल. आणि ही येऊन म्हणते, शब्दही हलतात. आंधळ्याच्या घरात सामान हलवलंस, पोरी."

माझ्या घशात तळकरसाहेबांचा 'ख' अडकला.

"पण आज समुद्र सरकून आरंभाच्या जागी आला," काका म्हणाले, "आणि मी पडलो नाही. वरून कुणीतरी ओरडलं. सांग त्यांना ते टपालाचं."

मी सांगितलं. आधी चाचरत, मग नेहमीसारखी. सेफेर, मग इग्गेरेत, घोडे, हुकूम, नक्कल. तळकरसाहेब पुढे सरकत सरकत खुर्चीच्या काठावर आले.

"आणि आता तिकडे पत्राला काय म्हणतात, माहीत आहे?" ते म्हणाले. "मिख्ताव!"

"तिसरा शब्द!" मी एवढ्याने ओरडले की कोंबडी उडाली. "आणि सेफेर?"

"सेफेर म्हणजे आता नुसतं पुस्तक. कुठलंही."

"बघा काका! एकाच पत्राला तीन नावं! आणि अजून पोचतंय!"

"मग ते पत्र, आपला सेफेर, परत कसं नेता?" काका तळकरांकडे वळले. "ही पोस्टमास्तरीण सांगेल. पत्ता बरोबर असेल, घेणारा दारात उभा असेल, तर पत्र परत पाठवतात का ग?"

"नियमात बसत नाही," मी म्हटलं.

तळकरसाहेबांनी कपाळ चोळलं. "बाई, तुम्हाला वाचता येतं, मान्य. पण तेव्यावर उभा राहणारा पुरुष लागेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी काय लिहू?"

काकांनी मान वळवली, जिथून पायरीवर शेंगा फोडल्याचा आवाज येत होता तिकडे.

"बेनायाहू."

"जी."

"आज समुद्राच्या विटा बघून तुला काय वाटलं?"

"सुंदर वाटलं, काका. म्हणून तर थांबलो."

"ज्याला ते बघून सुंदर वाटतं, त्याला शिकवता येतं. तळकर, लिहा. वाचणारा आहे, शिकतोय, पुढच्या सिमहाथ तोराला येऊन ऐका."

बेनायाहूंच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "मी? अहो, मला शिकवणार कोण?"

आम्ही तिघेही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"बापरे," ते म्हणाले. "ही?"

*

ते वर्ष मी कुणाला सांगण्यासारखं नाही. पोस्टात चार तास, समोर नवरा. मी पट्टी घेऊन बसायची. त्यांनी तीनदा सोडून दिलं आणि तीनदा परत आले. एकदा म्हणाले, लग्नाआधी हे सांगायला हवं होतं. काका शेजारच्या बाकावर बसून सूर दुरुस्त करायचे, आणि मधेच विचारायचे, "मिल्का, हा शब्द जुना की नवा?" मी सांगितलं की जिभेवर घोळवायचे, नव्या आंब्याची फोड चाखावी तसे.

पुढच्या सिमहाथ तोराला बेनायाहू तेव्यावर उभे राहिले. अडखळले सतरा वेळा; मी मोजलं. चांदीचं बोट एकदाही चुकलं नाही. तळकरसाहेब शेजारी होते, त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले होते. काका खाली पहिल्या बाकावर, डोळे मिटून. सेफेर गावातच राहिला. सव्वीस वर्षं. तो अजून आहे. आता दहा माणसं जमवायला दोन तालुके फिरावे लागतात, पण आहे.

आणि त्या वर्षी फेऱ्या सुरू झाल्या तशा सगळ्यांनी न विचारता आठ घातल्या. गेल्या वर्षी आठ होत्या, म्हणून. आठवीला बायका खाली उतरल्या. गेल्या वर्षी उतरल्या होत्या, म्हणून. काका गेले तेव्हा तर ती आमची फार जुनी रीत झाली होती.

मागच्या महिन्यात शेलोमोच्या नातीने, ओर्लीने, इस्रायलहून फोनवर एक व्हिडिओ पाठवला. तिथल्या लहानशा सिनेगॉगमध्ये आमच्या भागातून गेलेली माणसं नाचताहेत, बायकाही त्यांच्यात. खाली लिहिलं होतं: "मिल्काआजी, आमचे हझान म्हणतात आंबेखारच्या लोकांनी आठवी फेरी ठेवली, कारण आठव्या दिवशी मुलाची सुंता होते आणि देवाशी करार पक्का होतो. हजार वर्षांची परंपरा आहे म्हणे. खरं का?"

मी बेनायाहूंना दाखवलं. ते पोटभर हसले आणि म्हणाले, "लिही, मी शरबत पीत होतो."

मी बराच वेळ अंगठा पडद्यावर धरून बसले. मग लिहिलं: "तुमचे हझान म्हणतात तर तसंच असेल, बाळा. फेऱ्या मनसोक्त घाला. फक्त आठवी संपली की उजवा दांडा रिकामा आहे ना, एवढं कुणीतरी वरून बघत जा."